मैदानावरच्या वहीतले चेंडू: मुलांची स्पर्धा, मुलांची वाढ आणि बेसबॉलचा हिशोब

अमेरिकेतील ‘लिटल लीग’ या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या सामन्यांत, पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, किती चेंडू टाकले हे मोजण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर सोपवलेली असते. तो स्कोअरर असेल किंवा दुसरा एखादा अधिकारी असेल. पण त्या पिचरच्या वयासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत आकडा पोहोचला, की समोरच्या फलंदाजाचा निकाल लागताच पिचर बदलावा लागतो. सामना कितीही अटीतटीचा असला आणि त्या मुलाला कितीही लय सापडलेली असली, तरी त्यात सूट नसते. आपल्या आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर कापडी तंबूच्या सावलीत बसलेला स्कोअररही प्रत्येक चेंडूची नोंद ठेवतोच. हॅरिस आणि जाइल्स शील्ड या मुंबईतल्या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या परंपरेत ही वही शंभराहून अधिक वर्षे भरली जात आहे. मात्र आपल्या वहीतले ठिपके धावांचा आणि बळींचा हिशोब सांगतात. ते चेंडू टाकणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या खांद्याचा आणि पाठीचा हिशोब त्याच ठिपक्यांतून काढता येतो, हे आपल्या फारसे लक्षात आलेले नाही.

मुलांच्या खेळात जिंकण्याला किती महत्त्व द्यावे आणि शरीराच्या व मनाच्या वाढीला किती, हा प्रश्न बहुतेक वेळा ‘अति करू नये’ अशा सर्वमान्य वाक्यावर येऊन थांबतो. ते वाक्य खरे असले तरी मैदानावर त्याचा उपयोग होत नाही, कारण ‘अति’ कुठे सुरू होते हे ते सांगत नाही. बेसबॉलने या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. मुंबईत बेसबॉल खेळणारी मुले क्रिकेटच्या मानाने थोडी असली, तरी त्या खेळाने मोठी किंमत मोजून मिळवलेले ज्ञान आपल्या प्रत्येक मैदानाला लागू पडते, म्हणून ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम शरीराचे पाहू. पिचर म्हणजे ढोबळमानाने बेसबॉलमधला गोलंदाज. मात्र तो धावत येत नाही आणि चेंडूचा टप्पा पाडत नाही, तर एका जागी उभा राहून, कोपर वाकवून, पूर्ण ताकदीने चेंडू फेकतो. ही ताकद पायांतून निघते, कंबर आणि धड यांतून वर चढते, खांद्यात येते आणि शेवटी कोपरातून बोटांकडे जाते. प्रौढ पिचरचा खांदा फेकीच्या त्या क्षणी सेकंदाला सुमारे ७००० अंश इतक्या वेगाने फिरतो. तोच वेग पूर्ण सेकंदभर टिकला असता, तर हात एकोणीसपेक्षा अधिक वेळा गोल फिरला असता. या हालचालीत कोपराची आतली बाजू उघडू पाहते आणि दंडाचे हाड व हाताचे हाड यांना आतून बांधून ठेवणारा एक छोटा पट्टा, म्हणजे अलनर कोलॅटरल लिगामेंट, तिला धरून ठेवतो.

मुलांच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी असते. वाढत्या वयातील हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात, ज्यांना डॉक्टर ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात. कोपराच्या आतल्या उंचवट्याजवळचा असा थर साधारण पंधराव्या ते सतराव्या वर्षाच्या सुमारास हाडाशी एकजीव होतो. तोपर्यंत या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा लिगामेंट नसून हा थर असतो. त्यामुळे ज्या ताणाने मोठ्या माणसाचे लिगामेंट फाटेल, त्याच ताणाने मुलाचा हा थर दुखावतो, रुंदावतो आणि क्वचित हाडाचा तुकडाच ओढला जातो. या दुखण्याला ‘लिटल लीग एल्बो’ असे नाव पडले आहे. मुलांच्या संघटनेचे नाव एका आजाराला मिळावे, ही त्या खेळाला बसलेली मोठी चपराक होती. वेळीच ओळखले आणि फेकणे थांबवले, तर हे दुखणे बहुधा बरे होते. प्रश्न वेळीच ओळखण्याचा आहे.

मोठ्यांच्या लिगामेंटचा इतिहासही इथे सांगायला हवा, कारण मुलांच्या संदर्भात त्यानेच एक गैरसमज पसरवला. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात शरीराच्या दुसऱ्या भागातील कंडरा बसवून फाटलेल्या लिगामेंटची जागा भरून काढली. जॉन १९७६ साली मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. या यशामुळे शस्त्रक्रियेला त्याचेच नाव मिळाले आणि हळूहळू काही पालकांत अशी समजूत रुजली, की कोपर गेले तरी दुरुस्त करून घेता येते, किंबहुना नंतर हात अधिक वेगवान होतो. ही समजूत चुकीची आहे. परत येणाऱ्याला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पुनर्वसनात घालवावा लागतो आणि काही खेळाडू पूर्वीच्या पातळीवर परततच नाहीत. तरीही २००७ ते २०११ या काळातील अमेरिकेतील नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात, या शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५६.८ टक्के रुग्ण १५ ते १९ वर्षे वयोगटातील होते. मुळात व्यावसायिक पिचरसाठी निघालेला उपचार प्रामुख्याने शाळा-कॉलेजच्या मुलांवर होऊ लागला होता.

असे का झाले, याचे उत्तर अनेक वर्षे ‘कर्व्हबॉल’ या वळणाऱ्या चेंडूत शोधले जात होते. लहान वयात मनगट पिळून चेंडू टाकला की कोपर बिघडते, असे प्रशिक्षक सांगत. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा कर्व्हबॉलविरुद्धचा पुरावा क्षीण निघाला आणि चेंडूंच्या संख्येविरुद्धचा पुरावा भक्कम निघाला. ९ ते १४ वर्षांच्या ४८१ पिचरांचा त्यांनी दहा वर्षे मागोवा घेतला. ज्यांनी कोणत्याही एका वर्षात १०० हून अधिक इनिंग (बेसबॉलमध्ये एका इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तिघे बाद करायचे असतात) पिचिंग केले, त्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट होती. त्याच गटाच्या २००६ मधील दुसऱ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना निरोगी पिचरांशी केली होती. वर्षात आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत धोका पाचपट आढळला, सामन्यात सरासरी ८० हून अधिक चेंडू टाकणाऱ्यांत जवळजवळ चौपट, आणि हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांत ३६ पट.

हा छत्तीसचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थकलेल्या शरीरात आधी पाय आणि धड ढिले पडतात. साखळीतल्या खालच्या कड्या काम करेनाशा झाल्या की सगळा भार खांदा आणि कोपर यांच्यावर येतो. म्हणजे सत्तरावा चेंडू हा दहाव्या चेंडूसारखाच आणखी एक चेंडू नसतो; तो वेगळ्या, वाईट पद्धतीने टाकलेला चेंडू असतो. आणि थकवा ही अशी गोष्ट आहे, जी मूल कधीच कबूल करणार नाही. ‘दुखतंय का?’ असे मैदानावर, सगळ्या संघासमोर विचारले, तर चेंडू हातात असलेला कोणताही मुलगा किंवा मुलगी ‘नाही सर’ असेच म्हणणार. ते खोटे बोलतात असे नाही. त्यांना खरोखरच टाकायचे असते. त्या क्षणी सरांनाही विकेट हवी असते आणि कडेला उभे असलेल्या आईवडिलांनाही. तिघांपैकी एकालाही त्या क्षणी नीट निर्णय घेता येत नाही, म्हणून निर्णय सामन्याच्या आधी, शांत डोक्याने घेऊन ठेवायचा, हे चेंडू मोजण्याच्या नियमामागचे खरे तत्त्व आहे. प्रशिक्षक दुष्ट आहेत असे गृहीत धरून हा नियम केलेला नाही. चांगल्या माणसांनाही सातव्या षटकात मोह होतो, एवढेच त्यात मान्य केले आहे.

लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. हा बदल वाटतो त्याहून मोठा होता, कारण एका इनिंगमध्ये आठ चेंडू लागू शकतात किंवा चाळीसही. मर्यादा वयानुसार वाढत जाते: सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५० चेंडू, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ७५, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला ९५. त्याहून महत्त्वाची आहे ती विश्रांतीची अट. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत चेंडू टाकले असतील तर सक्तीची सुट्टी नाही, पण २१ ते ३५ टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ किंवा अधिक टाकले तर पूर्ण चार दिवस त्याने पिचिंग करायचे नाही. पुढे २०१४ साली मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग आणि यूएसए बेसबॉल ही तिथली राष्ट्रीय संघटना यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे आणली. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी वर्षातून किमान चार महिने फेकण्यापासून पूर्ण सुट्टी घ्यावी आणि त्यांतील दोन-तीन महिने सलग असावेत, अशी शिफारस त्यांत आहे. एकाच काळात अनेक संघांसाठी पिचिंग करू नये, असेही त्यांत म्हटले आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळी व्यवस्था अडखळते. सरावातले आणि वॉर्म-अपचे चेंडू सामन्याच्या मोजणीत येत नाहीत. दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत, शनिवार-रविवारी गावोगाव फिरणाऱ्या खासगी संघासाठी टाकलेले चेंडूही पहिल्या संघटनेच्या वहीत दिसत नाहीत. प्रत्येक वही आपल्यापुरती बरोबर असते आणि बेरीज मात्र कोणीच करत नाही. भरीला वेग मोजणारी बंदूक आली. निवडीसाठी वेगाचा आकडा पाहिला जाऊ लागला, तशी मुले प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकू लागली. पिचरांच्या दुखापतींबद्दल मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगाच्या या हव्यासावर मुख्य बोट ठेवले आहे. संख्या मोजता येते, पण प्रत्येक चेंडूमागचा जोर मोजणे कठीण असते; त्यामुळे चेंडूंची मर्यादा हा एक कुंपणाचा खांब आहे, पूर्ण कुंपण नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे.

आपल्या मनोवृत्तीच्या अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेत नसून जपानमध्ये आहे. तिथल्या शालेय बेसबॉलची कोशिएन स्पर्धा १९१५ पासून भरते आहे आणि तिच्याभोवतीची श्रद्धा, त्याग, शाळेचा मान या गोष्टी आपल्याला ओळखीच्या वाटतील. २०१३ च्या वसंतातल्या स्पर्धेत एका सोळा वर्षांच्या पिचरने पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले आणि २०१८ च्या उन्हाळी स्पर्धेत दुसऱ्या एकाने सहा सामन्यांत ८८१. दोन्ही वेळा वीर म्हणून कौतुक झाले, आणि दोन्ही वेळा ‘हे योग्य आहे का’ असा प्रश्नही विचारला गेला.

२०१९ च्या जुलैमध्ये इवाते प्रांतातल्या ओफुनातो या सरकारी शाळेपुढे तोच प्रश्न उभा राहिला. ही शाळा १९८४ नंतर कोशिएनला गेली नव्हती. तिच्याकडे रोकी सासाकी नावाचा, ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकणारा मुलगा होता. प्रांताच्या पात्रता स्पर्धेत चौथ्या फेरीत त्याने १९४ चेंडू टाकले होते आणि उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता आणि तो जिंकला की कोशिएन. प्रशिक्षकांनी त्या सामन्यात सासाकीला एकही चेंडू टाकू दिला नाही. शाळा १२-२ अशी हरली. देशभर गदारोळ झाला आणि शाळेकडे तक्रारींचे फोन आले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, जपानच्या शालेय बेसबॉल महासंघाने एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. सासाकीने एप्रिल २०२२ मध्ये व्यावसायिक सामन्यात एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिले नाही, त्यांतल्या १९ जणांना तर थेट पिचिंगवरच (स्ट्राइकआउट) बाद केले, आणि पुढे तो अमेरिकेत गेला. त्या एका दिवसाच्या विश्रांतीमुळेच हे घडले असे म्हणता येणार नाही. पुढेही त्याचा खांदा दुखावलाच. मात्र सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा एक अख्खा संघ त्या दिवशी आपले स्वप्न गमावून बसला, हेही तितकेच खरे आहे. मी त्या प्रशिक्षकांच्या बाजूने आहे, परंतु त्या मुलांचे दुःख खोटे होते असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने नाही. वर्षभर आधीच दुसरे दोन पिचर तयार केले असते, सामन्यांमध्ये एकेक दिवसाचे अंतर ठेवले असते, तर हा निवड करण्याचा प्रसंगच आला नसता. समतोल वेळापत्रकात ठेवावा लागतो. अंतिम सामन्याच्या सकाळी तो शोधू गेले तर कोणाचे तरी नुकसान ठरलेलेच असते.

आता मुंबईकडे वळतो. आपल्या शहराच्या क्रिकेटची सगळी दंतकथा फलंदाजांची आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी रचलेली ६६४ धावांची भागी, आणि रमाकांत आचरेकर सरांनी सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणे, या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो. जितके खेळाल तितके घडाल, हा त्यांतून घेतलेला धडा फलंदाजाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा आहे, कारण फलंदाज बाद झाला की त्याचे शरीर आपोआप विश्रांती घेते. गोलंदाजाचे तसे नसते. तो जितका यशस्वी, तितका चेंडू त्याच्याच हातात. हाच सचिन १९८७ साली वेगवान गोलंदाज होण्यासाठी चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला होता आणि तिथले प्रशिक्षक डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला होता, हे आठवले की वाटते, दंतकथेचा नायक गोलंदाज असता तर तिचा धडाही वेगळा झाला असता.

क्रिकेटमध्ये कोपर वाकवून झटका देण्यास मनाई असल्याने भार कोपरावर न येता पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. वेगवान गोलंदाज पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर जमिनीकडून वर येतो आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. अशा वेळी मणक्याच्या मागच्या कमानीत, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, बारीक तडा जातो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मणक्यांची हाडे विशीतही घट्ट होत असतात, त्यामुळे तेरा ते बावीस हा सर्वांत नाजूक काळ ठरतो. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेऊन सामनावीर ठरला, आणि पाठीच्या व इतर दुखापतींमुळे त्याची दुसरी कसोटी थेट मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. त्याच्यामागे एका श्रीमंत मंडळाची अख्खी वैद्यकीय यंत्रणा होती, म्हणून तो परतला. आपल्या मैदानावरच्या मुलामागे असते एक किटबॅग आणि घरच्यांची हौस. इंग्लंडच्या मंडळाने अनेक वर्षे राबवलेल्या नियमांत तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सहा आणि बारा षटकांची.

माझ्या बारा वर्षांच्या भाच्याचे उदाहरण सांगतो, कारण हा विषय मी तिथूनच शिकलो. एका रविवारी सकाळी तो शाळेसाठी आठ षटके टाकून आला आणि दुपारी दुसऱ्या मैदानावर अकादमीच्या संघासाठी त्याने सात षटके टाकली. सकाळचे सर आणि दुपारचे सर, दोघेही जबाबदार माणसे. कोणीही दहा षटकांच्या पुढे गेले नाही. पण मुलाची पाठ एकच होती आणि तिने त्या दिवशी पंधरा षटके, म्हणजे नव्वद चेंडू, शिवाय नेटमधले वेगळे, सोसले होते. तीन आठवड्यांनी बूट घालताना वाकल्यावर त्याच्या तोंडून आवाज निघाला, तेव्हा ताईच्या लक्षात आले. ‘काही नाही गं, असंच,’ हे त्याचे उत्तर होते. एमआरआयमध्ये तडा नव्हता, पण हाडावर ताणाची खूण होती. डॉक्टरांनी त्याला तीन महिने गोलंदाजी बंद करायला सांगितली. बेरीज करण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही. दुपारी मी स्वतः त्याला दुसऱ्या मैदानावर गाडीने सोडून आलो होतो.

मुंबईच्या हवामानाने या बाबतीत आपल्याला एक मोठी देणगी दिलेली होती. ‘पिच स्मार्ट’ची चार महिन्यांची सुट्टी म्हणजे नेमका आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर खेळपट्ट्या झाकलेल्या, मैदानावर चिखल आणि फुटबॉल. पावसाळ्यातच भरणाऱ्या कांगा लीग या क्रिकेट स्पर्धेच्या थोड्या सामन्यांखेरीज गोलंदाजाच्या हाताला आपोआप चातुर्मास घडत असे. गेल्या काही वर्षांत छप्पर असलेली नेट आणि टर्फ प्रत्येक उपनगरात उभी राहिली आणि हा चातुर्मास संपला. सोय झाली यात वाद नाही, पण सुट्टी गेली. शक्य असेल त्यांनी निदान गोलंदाजीपुरता तरी पावसाळा पाळावा. त्या काळात मुलांनी फुटबॉल, खो-खो, पोहणे, फलंदाजी हवी तेवढी करावी. एकाच खेळात आठवड्याला आपल्या वयाच्या आकड्याहून अधिक तास घालवणाऱ्या मुलांत अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त आढळतात, असे शिकागोतील संशोधकांना दिसले आहे. बारा वर्षांचे मूल असेल तर बारा तास, हे घरात लक्षात ठेवायला सोपे आहे.

झोपेचा मुद्दाही याच शहरात अधिक टोचतो. लॉस एंजेलिसमधील शालेय खेळाडूंच्या एका अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. विरार किंवा कल्याणहून साडेचारला उठून, किटबॅग घेऊन पहिल्या लोकलने चर्चगेट किंवा सीएसएमटी गाठणारे, संध्याकाळी क्लासला जाऊन दहाला घरी पोहोचणारे मूल आठ तास कधी झोपणार? इथे सल्ला देणे सोपे आहे आणि पाळणे कठीण, हे मी जाणतो. तरीही आठवड्यातला एखादा सराव घराजवळ करू देणे, किंवा सामन्याच्या आदल्या संध्याकाळचा क्लास सोडणे, एवढे बहुतेक घरांना जमू शकते.

आतापर्यंत शरीराबद्दल लिहिले. पण स्पर्धा ही मुलांची शत्रू आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. हरल्यावर उभे राहणे, दबावात डोके शांत ठेवणे, आपल्या चुकीची किंमत संघाने मोजलेली पाहणे, हे सारे स्पर्धेशिवाय शिकता येत नाही, आणि मुंबईच्या ‘खडूस’ क्रिकेटने ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवले आहे. प्रश्न असा आहे, की स्पर्धेचा लाभ किती मुलांना मिळतो. लिटल लीगच्या नेहमीच्या हंगामात संघातल्या प्रत्येक मुलाला किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि एकदा तरी फलंदाजी मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. चार इनिंगनंतर एखादा संघ दहा धावांनी पुढे असेल, तर सामना तिथेच थांबतो. आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका शालेय सामन्यात एका संघाने ३ बाद १४६५ धावा केल्या. समोरच्या संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. त्यातल्या एका मुलाच्या हजारावर धावांची जगभर बातमी झाली आणि त्याची चिकाटी खरोखर अलौकिक होती. तरीही त्या दोन दिवसांत उन्हात चेंडू आणायला धावणाऱ्या अकरा मुलांना खेळाने काय शिकवले, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. आणि पाचशे धावांनंतर फलंदाजी करणाऱ्या मुलालाही त्या गोलंदाजीतून नवीन काय शिकायला मिळत होते? एकतर्फी सामना थांबवल्याने स्पर्धा कमी होत नाही. उरलेल्या वेळात दोन्ही संघ मिसळून पुन्हा खेळता येते.

निवडीची गोष्टही अशीच आहे. बारा-तेराव्या वर्षी निवडला जाणारा मुलगा पुष्कळदा अधिक गुणी नसून अधिक लवकर वाढलेला असतो. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींची बाराव्याच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. पण त्याच वर्गात एखाद्याची वाढ दोन वर्षे आधी होते, एखाद्याची दोन वर्षे उशिरा. शिवाय वयोगटाच्या तारखेनंतर लगेच जन्मलेल्याला जवळजवळ एका वर्षाचा फायदा मिळतो. अमेरिकेत अनेक दशके मुलांच्या बेसबॉलमध्ये वयाची गणना जुलैअखेर होत असे, आणि तिथे जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंत ऑगस्टमध्ये जन्मलेले जुलैमध्ये जन्मलेल्यांहून ठळकपणे अधिक आढळले. आपले क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहते. त्याने वयचोरीला आळा बसतो, पण उशिरा वाढणाऱ्या प्रामाणिक मुलाला त्यातून संधी मिळत नाही.

झपाट्याने वाढण्याच्या या काळात हाडे आधी लांब होतात आणि स्नायू मागून येतात. कालपर्यंत अचूक टाकणारा मुलगा अचानक वाइड टाकू लागतो, पाय अडखळतात आणि घरात व मैदानात ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात. वास्तविक तेव्हा चेंडू कमी करायचे असतात, वाढवायचे नसतात. यासाठी यंत्र लागत नाही. दाराच्या चौकटीवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्सिलीने उंची मांडली, की एखाद्या तिमाहीत रेघांमधले अंतर वाढलेले आपोआप दिसते.

पालक आणि शाळा एवढा जोर का लावतात, याचे कारण केवळ हौस नाही. शालेय स्पर्धांच्या प्रमाणपत्राला दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत आणि राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. बेसबॉल किंवा सॉफ्टबॉलसारख्या कमी गर्दीच्या खेळाकडे अनेक कुटुंबे त्यामुळेच वळतात, आणि त्यात काही गैर नाही. मात्र अशा खेळांत शाळेकडे बहुधा एखादाच भरवशाचा पिचर असतो आणि स्पर्धेचे सामने पाठोपाठच्या दिवसांत उरकले जातात, त्यामुळे सगळा भार त्याच एका हातावर पडतो. ज्या शाळा बेसबॉल खेळतात, त्यांनी संघ बांधतानाच तीन पिचर तयार करावेत, एवढी एक गोष्ट केली तरी निम्मा प्रश्न सुटेल. पिचिंग करून उतरलेल्या मुलाला कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला, बसवू नये, कारण मैदानात पिचरच्या खालोखाल सर्वाधिक फेका कॅचर करतो.

सरांशी बोलायला पालक बिचकतात. मुलाची जागा जाईल अशी भीती असते. माझा अनुभव असा, की ‘त्याला जास्त देऊ नका’ असे म्हटले तर सरांना ते ढवळाढवळ वाटते, पण ‘सर, काल दुसरीकडे त्याने सात षटके टाकली आहेत’ असे म्हटले तर बहुतेक सर स्वतःच चेंडू दुसऱ्याच्या हातात देतात. त्यांच्याकडे माहिती नसते, एवढेच. कोपराच्या आत, खांद्यात किंवा कमरेच्या एका बाजूला दोन दिवसांहून अधिक काळ दुखत असेल, तर मात्र बाम चोळून पुढच्या सामन्याला पाठवू नये. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि मूल गोलंदाज किंवा पिचर आहे हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा ताण अनेकदा दिसत नाही.

भाचा आता पुन्हा टाकतो. त्याच्या किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात दोनशे पानी वही असते आणि तिच्यात तारीख, मैदान, षटके, नेटमधले चेंडू असे चार रकाने त्याने स्वतः आखले आहेत. पहिल्या महिन्यात ती वही ताई भरत असे. गेल्या रविवारी आठव्या षटकासाठी सरांनी चेंडू पुढे केला, तेव्हा त्याने स्वतःच ‘सर, आज सात झाली,’ असे सांगितले आणि तो मिडऑफला जाऊन उभा राहिला. तो सामना त्यांचा संघ दोन गड्यांनी हरला.